थांबलेली गाडी बिघडलेली नसते

संगणकावर रोलरकोस्टर बांधत बसलेल्या मुलाला बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : यातून मिळते काय? उत्तर सहसा मुलाकडे नसते आणि पालकांनाही ते फारसे अपेक्षित नसते. पण या खेळांत एक छोटा भाग असा आहे, ज्यातून मिळणारा धडा अभियंत्यांना, रेल्वे कर्मचाऱ्यांना, अगदी रुग्णालयातल्या तंत्रज्ञांनाही पुनःपुन्हा शिकावा लागला आहे, आणि अनेकदा त्यासाठी माणसांचे जीव गेले आहेत. त्या भागाचे नाव ब्लॉक ब्रेक.

स्कॉटलंडचे प्रोग्रॅमर ख्रिस सॉयर यांचा ‘रोलरकोस्टर टायकून’ हा खेळ १९९९ मध्ये आला. २०१६ मध्ये त्याची ‘क्लासिक’ आवृत्ती मोबाइलवर आली आणि त्याच वर्षी ‘प्लॅनेट कोस्टर’ हा त्याच वंशातला नवा खेळही आला. खेळाडूने मनोरंजन उद्यान उभारायचे, रुळाचा एकेक तुकडा जोडत कोस्टर बांधायचा, गाड्या सोडायच्या, तिकीट लावायचे. कोस्टर किती रोमांचक, किती तीव्र आणि किती मळमळ आणणारा, याचे गुण खेळ देतो. जास्त मळमळ असेल तर पाहुणे उतरल्यावर ओकतात आणि झाडूवाल्याचे काम वाढते.

टायकूनमध्ये नवख्या खेळाडूची पहिली मोठी फजिती ठरलेली असते. कोस्टर जोरात चालू असतो, रांग लांबलेली असते, म्हणून तो दोन-तीन गाड्या सोडतो. काही काळाने स्थानकाचा ब्रेक निकामी झाल्याची सूचना येते. मेकॅनिक निघतो, पण तो पोहोचण्याआधी मागची गाडी वेग कमी न करता स्थानकात शिरते आणि उभ्या गाडीवर आदळते. प्रवासी मरतात, उद्यानाचे मानांकन कोसळते आणि ही राइड सुरक्षित नाही असे म्हणत पुढचे पाहुणे तिकडे फिरकत नाहीत. खेळाडू मग जाणकारांना विचारतो आणि त्याला उत्तर मिळते : ब्लॉक ब्रेक लाव.

वेळेचे अंतर की जागेचे?

कल्पना साधी आहे. संपूर्ण रूळमार्गाचे काही तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात एका वेळी एकच गाडी. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी गाडीला पूर्ण थांबवू शकेल असा ब्रेक किंवा तशी दुसरी सोय. पुढचा तुकडा रिकामा असेल तरच गाडी पुढे जाणार, नसेल तर तिथेच थांबणार. स्थानक हा एक तुकडा. साखळीने वर चढवणारी चढणही या कामी येते, कारण साखळी थांबवली की गाडी थांबते. उरलेल्या मार्गावर हवे तिथे ब्लॉक ब्रेक टाकायचे. साधा ब्रेक गाडीचा वेग फक्त कमी करतो, पुढे काय आहे हे त्याला कळत नाही. ब्लॉक ब्रेकला पुढचा तुकडा भरलेला आहे की रिकामा, एवढी एक गोष्ट कळते.

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला ही व्यवस्था नावाने नसली तरी अनुभवाने ठाऊक असते. दोन स्थानकांच्या मध्येच गाडी थांबते, पुढच्या गाडीने जागा मोकळी केली की सिग्नल बदलतो आणि गाडी हलते. कोस्टरचा ब्लॉक रेल्वेकडूनच आला आहे. रेल्वेच्या आरंभकाळात गाड्यांमध्ये जागेचे नव्हे, वेळेचे अंतर ठेवत. पहिली गाडी सुटून ठरावीक मिनिटे झाली की दुसरी सोडायची. पहिली वाटेत कुठे अडकली असेल तर दुसरीला ते कळण्याची सोय नव्हती. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा शहराजवळ सहलीला निघालेल्या गाडीला चढ चढवेना. तिचे डबे सोडून दोन भाग करण्यात आले आणि मागचे डबे उतारावरून घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मेले, त्यात मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली.

टायकून खेळात हा सगळा इतिहास अर्ध्या तासात घडतो. त्यातली साधी पद्धत म्हणजे वेळेचे अंतर : गाडी सुटण्यापूर्वी किमान इतके सेकंद थांबावी, एवढेच खेळाडू ठरवतो. सगळे सुरळीत असेपर्यंत ती उत्तम चालते. ब्लॉक पद्धत म्हणजे जागेचे अंतर. स्थानकाच्या जरा अलीकडे एक ब्लॉक ब्रेक असला की स्थानकाचा ब्रेक निकामी झाला तरी मागची गाडी बाहेरच उभी राहते आणि टक्कर टळते. काहीतरी बिघडणार हे गृहीत धरून रचना करायची, हा सुरक्षिततेच्या शास्त्राचा पाया आहे. तो बारा-तेरा वर्षांच्या मुलाला भाषण न देता समजत असेल, तर खेळात गेलेला वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

रांगेचे गणित

ब्लॉक ब्रेक केवळ अपघात टाळण्यासाठी असतो, हे मात्र अर्धेच खरे. एकच गाडी चालवली तर टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. मग इतका खटाटोप कशासाठी? समजा, एका गाडीत २४ जण बसतात आणि चढणे-उतरणे धरून एका फेरीला तीन मिनिटे लागतात. एक गाडी तासाला २० फेऱ्या मारील, म्हणजे ४८० माणसे. तीन गाड्या मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडल्या तर तासाला १,४४० माणसे. तिप्पट. रांग घटते, कमाई वाढते. त्यासाठी निदान चार तुकडे लागतात, कारण तीन तुकड्यांत तीन गाड्या घातल्या तर कुठलीच गाडी हलू शकणार नाही. एक तुकडा रिकामा राहायलाच हवा. म्हणून गाड्यांची संख्या तुकड्यांहून किमान एकने कमी, हा नियम खेळातही आहे आणि प्रत्यक्षातही.

बहुतेक खेळाडू ब्लॉक ब्रेक शिकतात ते या जास्तीच्या गाड्यांसाठीच. त्यात वाईट काही नाही. सुरक्षितता आणि वेग एकमेकांचे वैरी असतात, हा समज ब्लॉक ब्रेक खोटा ठरवतो. तुकड्यांची शिस्त आहे म्हणूनच तीन गाड्या एका रुळावर निर्धास्त फिरू शकतात. पण याच गणितात पुढच्या संकटाचे बीजही आहे. शिस्त जितक्या गाड्यांना परवानगी देते तितक्या सगळ्या सोडण्याचा मोह होतो. मग स्थानकात एका प्रवाशाचा पट्टा लावायला पाऊण मिनिट जास्त लागले, तरी मागच्या गाड्या एकामागोमाग आपापल्या ब्रेकवर खोळंबतात. थांबणे ही रोजची, कंटाळवाणी गोष्ट होऊन बसते.

थांबल्यावर पुढे काय?

ब्लॉक ब्रेक कुठे टाकायचा, हा या खेळातला सर्वांत शिकवणारा प्रश्न आहे. रोलरकोस्टरच्या गाडीला सहसा इंजिन नसते. चढणीवर मिळालेली उंची हीच तिची पुंजी, आणि ती पुढे वेगात बदलत, घर्षणात खर्च होत जाते. वाटेत गाडी पूर्ण थांबवली की तिचा सगळा वेग गेला. उरते ती फक्त ब्रेकच्या जागेची उंची. ब्रेक जमिनीपासून १५ मीटरवर असेल तर तिथून जवळजवळ शून्य वेगाने सुटलेली गाडी तळाशी पोहोचताना घर्षण सोडून सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी साठेक किलोमीटर वेग घेईल. पुढचा उंचवटा १५ मीटरपेक्षा पुरेसा बुटका असेल तर ती तो पार करील. तो २० मीटरचा असेल तर नाही.

खरी गोम इथे आहे. ब्रेक उघडा असताना तीच गाडी सेकंदाला १५ मीटर वेगाने त्यावरून गेली, तर त्या वेगात आणखी सुमारे ११ मीटर चढण्याची ताकद असते. ती २० मीटरचा उंचवटा सहज ओलांडते. म्हणजे एकच गाडी फिरवून चाचणी घेतली तर रचना निर्दोष दिसते. ज्या दिवशी ब्रेकला खरोखर गाडी अडवावी लागते, त्या दिवशी ती पुढच्या खळग्यात अडकते. त्यामुळे मधल्या मार्गावरचे ब्लॉक ब्रेक उंचावर असतात आणि त्यांच्या पुढे लगेच उतार असतो. ब्रेक बंद झाला तर गाडी थांबेल का, एवढे पाहून भागत नाही. थांबल्यानंतर ती सुखरूप पुढे जाईल का, हेही पाहावे लागते.

प्रत्यक्ष कोस्टरमध्ये आणखी एक काळजी घेतलेली असते. अनेक ठिकाणी ब्रेकचे जबडे स्प्रिंगने मिटलेले असतात आणि दाबाखालच्या हवेने उघडतात. वीज गेली, हवेची नळी फुटली, तर ब्रेक आपोआप लागतो. चुंबकीय ब्रेक वीज नसतानाही वेग कमी करतात, पण त्यांचा जोर गाडीच्या वेगावर अवलंबून असल्याने ते गाडीला एका जागी धरून ठेवू शकत नाहीत. तुकड्याच्या शेवटी त्यांच्या जोडीला गाडी पकडून ठेवणारे दुसरे साधन लागतेच. सगळ्यामागे तत्त्व एकच : शंका असेल तर थांब. पुढचा तुकडा रिकामा असल्याची खात्री नसेल, तर तो भरलेला आहे असेच समजायचे.

खेळात नसलेले बटण

इथवर खेळ चांगला शिक्षक आहे. पण त्यात दोन गोष्टी नाहीत आणि त्या दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली, टायकूनमध्ये स्थानकाचा ब्रेक बिघडतो, पण बंद झालेला ब्लॉक ब्रेक गाडी रोखतोच. प्रत्यक्षात कुठलेही यंत्र असे अढळ नसते. दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. खेळात ब्लॉकचा हुकूम मोडून गाडी पुढे ढकलण्याचे बटण नाही. प्रत्यक्षात ते असावेच लागते, कारण सेन्सर खरोखर बिघडतात आणि अडकलेल्या माणसांना खाली आणावे लागते. आणि बटण असले की ते दाबणारा माणूस आला, त्याच्यावरची घाई आली, त्याचा गैरसमजही आला.

इंग्लंडमधल्या अल्टन टॉवर्स उद्यानातला ‘द स्मायलर’ हा कोस्टर २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात प्रवासी १४ वेळा उलटा होतो. २ जून २०१५ रोजी तिथे आणखी एक, पाचवी गाडी रुळावर आणण्यात आली. वारा जोरात होता. प्रवासी नसलेली एक गाडी चाचणीसाठी सोडली गेली, ती मधल्या भागात अडकून पडली. त्यानंतर १६ प्रवासी असलेली गाडी निघाली. नियंत्रण यंत्रणेने तिला रोखले, कारण पुढच्या तुकड्यात गाडी होती. यंत्रणा अगदी बरोबर होती. पण अभियंत्यांना अडकलेली गाडी दिसली नव्हती, रुळावर पाच गाड्या आहेत याचेही सर्वांना भान नव्हते. थांबलेली गाडी हाच बिघाड आहे असे समजून त्यांनी ब्लॉकची अडवणूक रद्द केली आणि गाडी पुढे सोडली.

सोळाही जण जखमी झाले. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. जमिनीपासून उंचावर तिरक्या अडकलेल्या गाडीतून सगळ्यांना खाली आणायला चार तासांहून अधिक वेळ गेला. टक्करीचा जोर दीड टनाची मोटार ताशी सुमारे १४५ किलोमीटर वेगाने आदळावी तसा होता, अशी तुलना न्यायालयात करण्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये चालक कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने दोष एकेकट्या कर्मचाऱ्यांवर न टाकता कंपनीच्या कार्यपद्धतीवर ठेवला. अडवणूक रद्द करायची असेल तर आधी काय तपासायचे, कोणी तपासायचे, याची नीट लेखी व्यवस्थाच तिथे नव्हती. ब्लॉक पद्धत निकामी झाली नव्हती. तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही.

वैद्यकातही याच जातीचा एक काळा अध्याय आहे. ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र १९८०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत होते. त्याच्या आधीच्या यंत्रात चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून स्वतंत्र विद्युत आणि यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात तो भार मुख्यतः सॉफ्टवेअरवर टाकण्यात आला. यंत्र वारंवार थांबे, पडद्यावर ज्याचा अर्थ लागत नाही असा त्रुटी-क्रमांक दिसे, आणि एक कळ दाबली की उपचार पुढे सुरू होत. थांबणे इतके नेहमीचे झाले की ती कळ दाबणे चालकांच्या अंगवळणी पडले. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा मिळाली, त्यातल्या काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. त्या चालकांना निष्काळजी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कारण न सांगता उगाच थांबणारे आणि एका कळीने पुढे जाऊ देणारे यंत्रच माणसाला ती सवय लावते.

जाड तारेची सवय

ही सवय परदेशातली म्हणून सोडून देता येणार नाही. फ्यूज पुनःपुन्हा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारी घरे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात सापडतील. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर ‘सारखा पडतो’ म्हणून त्याला वगळून जोडणी करून देणारा वायरमन मिळतो आणि त्याचे कौतुकही होते. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की त्या जागी भलतेच काही बसवले जाते. इमारतीची लिफ्ट दार नीट न लागल्याने थांबली, तर दाराचा स्विच ‘डायरेक्ट’ करण्याचा सल्ला कोणी तरी देतोच. कारखान्यात यंत्राचे संरक्षक झाकण उघडले की यंत्र बंद पडते, म्हणून झाकणाचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवला जातो. या प्रत्येक ठिकाणी साधनाने आपले काम चोख केलेले असते. पण थांबवणाऱ्या साधनाचे यश कधी दिसत नाही, त्याचा त्रास तेवढा दिसतो. ब्रेकर पडला म्हणून आज कोणाला शॉक बसला नाही, ही बातमी होत नाही. अंधार झाला, ही तक्रार मात्र होते.

म्हणूनच ब्लॉक ब्रेकचा धडा मुलांपुरता ठेवू नये. तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. थांबवणारी यंत्रणा बांधणाऱ्यांनी, ती का थांबली हे साध्या भाषेत सांगण्याची सोय तिच्यात करावी. पुढच्या तुकड्यात गाडी आहे, असे एक वाक्य आणि रुळाच्या नकाशावर एक लाल ठिपका यांची किंमत फार नसते. अडवणूक रद्द करण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नसावा. दोघांनी स्वतंत्रपणे, शक्य तिथे डोळ्यांनी तुकडा पाहून, नोंद करून मगच ते करावे, आणि रांग कितीही मोठी असली तरी त्याला लागणारा वेळ वाया गेलेला समजू नये. तिसरी गोष्ट पाळणूकवाल्या उद्यानातल्या, लोकलमधल्या, लिफ्टमधल्या प्रत्येकाच्या हातातली आहे : थांबलेल्या गाडीतून आरडाओरडा करून चालकावर घाईचे ओझे न टाकणे.

खेळ बनवणाऱ्यांनाही एक सूचना करावीशी आहे. ब्लॉक रद्द करण्याचे बटण खेळात आणावे. रांग वाढते आहे, पाहुणे कुरकुरत आहेत, एक गाडी उंचावर विनाकारण थांबल्यासारखी दिसते आहे, आणि बटण हाताशी आहे. कधी सेन्सर खरोखर बिघडलेला असावा, कधी वळणाआड गाडी उभी असावी. आधी पूर्ण रूळ फिरून पाहणाऱ्याचा वेळ जाईल, न पाहणाऱ्याची गाडी आदळेल. सध्याचा खेळ ब्रेक कसा लावायचा ते शिकवतो. लागलेल्या ब्रेकचे ऐकायचे कसे, हेही त्याने शिकवले, तर ‘यातून मिळते काय’ या प्रश्नाला मुलाकडे नेमके उत्तर असेल. आणि कदाचित तेच मूल एखाद्या रात्री घरातला ब्रेकर पडल्यावर, जाड तार शोधणाऱ्या वडिलांना आधी कारण शोधायला सांगेल.